मधुमेहींच्या पायाची तपासणी: सगळ्यांनी एकाच पद्धतीने कशी करायची

एनसीडी ओपीडीचे, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीचे, जुने केसपेपर चाळले तर पायाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द सापडतो: 'ठीक'. कोणी बघितलं, काय लावून बघितलं, मोजे तरी काढले होते का, याचा पत्ता नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस अंगठ्याला जखम घेऊन येतो, तेव्हा संवेदना आधीपासूनच गेली होती की आत्ता गेली, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येत नाही.

नव्याने रुजू झालेले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), स्टाफ नर्स, इंटर्न आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकाच पायाची दोन वेगळ्या माणसांनी तपासणी केली, तर दोघांच्या कागदावर तेच उतरलं पाहिजे. प्रमाणित तपासणी म्हणजे एवढंच. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. क्रम, विचारायची वाक्यं आणि नोंदीचे शब्द ठरलेले लागतात, आणि कागदाच्या शेवटी पुढची तारीख पडावी लागते.

खालची पद्धत मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या, म्हणजे आयडब्ल्यूजीडीएफच्या, 2023 च्या मार्गदर्शक सूचनांवर आधारलेली आहे. आपल्या ओपीडीच्या सवयी धरून काही गोष्टी मी जोडल्या आहेत. हे काम मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांवर सोडता येणार नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीच्या अभ्यासात देशात मधुमेहींची संख्या सुमारे 10.1 कोटी निघाली. एवढे पाय बघायला उपकेंद्रातलेच हात लागणार.

कोणाची आणि कधी

टाइप 2 मधुमेह असेल तर निदानाच्या दिवशीच. 'आत्ताच तर शुगर निघाली, पायाला काय होतंय' असं म्हणू नका. साखर कधीपासून वाढलेली होती ते कोणालाच माहीत नसतं, आणि काहींच्या नसा निदानाच्या वेळीच बिघडलेल्या असतात. टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात करतात. पुढे दोघांचीही वर्षातून किमान एकदा. धोका जास्त असेल तर लवकर लवकर, ते खाली येईलच.

सामान

10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (कातडीला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचा, ठरलेल्या दाबाला वाकणारा तंतू), 128 हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (आपटल्यावर थरथरणारा धातूचा दुहेरी काटा), चांगला टॉर्च, कापूस, नखं कापायचं यंत्र, हातमोजे, आणि रुग्णाचा पाय आपल्या मांडीच्या उंचीवर येईल असं स्टूल. फोर्कच्या दांड्यावर आकडा कोरलेला असतो, तो वाचून घ्या. कपाटात बऱ्याचदा कान तपासायचा 512 चा पडलेला असतो आणि तोच उचलला जातो. मोनोफिलामेंटच्या जागी बाजारातला नायलॉनचा दोरा कापून वापरू नका. ठरलेल्या दाबालाच वाकणं हा त्या तंतूचा गुण आहे, दोऱ्याला तो नसतो.

पायरी 1: बसवा, आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करा

दोन्ही म्हणजे दोन्ही. 'याच पायाला त्रास आहे' म्हणून एकच पाय पुढे करणारे खूप भेटतात. चप्पल-बूट बाजूला सारू नका, तीही तपासायची आहेत. मोजे असतील तर ते उलटे करून बघा. डाग दिसला तर जखम कुठेतरी आहेच, भले रुग्ण नाही म्हणाला तरी.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. वयस्कर माणसं पाय मागे घेतात. डॉक्टरने किंवा सिस्टरने पायाला हात लावणं त्यांना अवघड वाटतं, वर बायकांना साडी गुडघ्यापर्यंत सरकवायची लाज वाटते. पडदा असू द्या, खोलीत दुसरी बाई असू द्या, आणि हात लावण्याआधी सांगा, "आजोबा, पाया पडत नाही, पाय तपासतोय." ते हसतात आणि पाय पुढे येतो.

पायरी 2: ठरलेले प्रश्न, ठरलेल्या शब्दांत

हे प्रश्न छापून भिंतीवर लावा आणि आहेत तसेच विचारा. प्रत्येकाने आपल्या मनाने शब्द बदलले की उत्तरंही बदलतात.

- पायाला कधी जखम होऊन चिघळली होती का? बोट किंवा पाय कापावा लागला होता का?
- चालताना चप्पल पायातून निसटली तर लगेच कळतं, की पुढे गेल्यावर कळतं?
- पायाला मुंग्या येतात का, आग होते का? रात्री जास्त होते का?
- चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर बरं वाटतं, असं होतं का?
- डायलिसिस चालू आहे का?
- बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री?
- तळपाय स्वतःला दिसतो का? नसेल तर घरात कोण बघतं?

चपलेचा प्रश्न मला यातला सगळ्यात कामाचा वाटतो. 'पाय बधिर आहे का' असं विचारलं तर अर्धी माणसं नाही म्हणतात, कारण बधिरपणा हळूहळू येतो आणि अंगवळणी पडतो. चपलेचं मात्र आठवतं. "मागून नातू सांगतो, आजी तुझी चप्पल मागेच राहिली," असं उत्तर आलं की पुढे काय सापडणार याचा अंदाज येतो.

अजून एक. 'आधी आग व्हायची, आता बरं आहे' असं कोणी म्हणालं तर खूश होऊ नका. नस पुरती गेली की आगही थांबते. आणि बधिरपणा सापडला की तो साखरेचाच, असंही धरून चालू नका. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी पडतं आणि तेही नसांवर उतरतं. दारू हेही एक कारण असतं. चंद्रपूर-गडचिरोली किंवा पालघरकडे काम करत असाल तर त्वचेवर बधिर चट्टा आहे का आणि नस जाड लागते का हे बघायला विसरू नका, कुष्ठरोग अजून गेलेला नाही.

पायरी 3: डोळ्यांनी बघणं

उजवा पाय आधी, मग डावा. वरची बाजू, बोटांच्या बेचक्या, तळवा, टाच, घोट्याच्या दोन्ही बाजू. क्रम मोडायचा नाही.

इथे घाई करू नका. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचकीत बोट घालून ती उघडल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. भातलावणीच्या दिवसांत तिथे चिखल्या असतात. पांढरी, भिजलेली कातडी, मधे चीर. घरी त्याचं कोणालाच काही वाटत नाही. पण त्याच चिरेतून जंतू आत शिरतात. प्रत्येक बेचकी टॉर्च मारून बघा. जोडवी असतील तर सरकवून खालची कातडी बघा. ती घट्ट रुतलेली असतील तर तशी नोंद करा आणि सैल करून घ्यायला सांगा.

तळव्यावर चवड्याच्या खाली घट्टे आणि भोवऱ्या शोधा. जिथे दाब जास्त तिथे घट्टा येतो, म्हणजे जखम कुठे होणार ते पाय आधीच सांगून ठेवतो. घट्ट्याच्या आत काळपट लाल ठिपका दिसला तर खाली रक्त साकळलेलं आहे, तिथे जखम होऊ घातली आहे. असा घट्टा 'किरकोळ' म्हणून सोडायचा नाही. भोवरी घरी ब्लेडने कापली होती का, कॉर्न कॅप लावली होती का, हे विचारा. कॉर्न कॅपमधल्या आम्लाने भोवरीसोबत आजूबाजूची चांगली कातडीही जळते, आणि संवेदना नसलेल्या माणसाला ते समजत नाही.

टाचेच्या भेगा किती खोल आहेत ते बघा. नखं जाड झाली आहेत का, कडा मांसात रुतली आहे का. बोटं वाकून आखडली आहेत का, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं आहे का. पायाच्या ठेवणीतला असा कुठलाही बदल कागदावर 'विकृती: आहे' म्हणून लिहा. शेवटी पायाच्या धोक्याची श्रेणी ठरवताना तो लागतो.

लाली सावळ्या कातडीवर नीट दिसत नाही. म्हणून हाताची मागची बाजू दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागी ठेवून ऊब ताडून बघा. एक पाय गरम, सुजलेला, आणि जखम कुठेच नाही, असं आढळलं तर शार्कोचा पाय मनात आणा. यात पायाची हाडं आतून ढासळत असतात, दुखणं अगदी कमी असतं आणि सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. 'मुरगळला असेल' म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलेल्या अशा पायाचा कमानीचा भाग बसतो आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. त्या पायावर वजन टाकणं त्याच दिवशी बंद करायचं आणि रेफर करायचं.

शेवटी चप्पल. आत हात घालून फिरवा. खिळा, खडा, उसवलेली शिवण, झिजलेला अंगठा. चप्पल जिथे झिजली आहे ती जागा आणि तळव्यावरचा घट्टा यांची जुळणी करून बघा, बऱ्याच वेळा तंतोतंत जुळते.

पायरी 4: मोनोफिलामेंट

या तपासणीत सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, म्हणून एकेक हालचाल सांगतो.

आधी तंतू रुग्णाच्या तळहातावर किंवा कपाळावर टेकवून दाखवा. सुई नाही हे त्याला कळलं की तो सैलावतो. मग डोळे मिटायला सांगा. डोळे किलकिले ठेवून बघणारे असतातच, मधे फाईल धरली तरी चालते.

जागा तीन: अंगठ्याचा तळ, अंगठ्यामागचा चवडा, करंगळीमागचा चवडा. दोन्ही पाय धरून सहा. घट्टा, जखम किंवा वण असेल तर त्याच्यावर टेकवायचं नाही, शेजारच्या चांगल्या कातडीवर टेकवायचं.

तंतू कातडीला काटकोनात धरा. तो वाकेपर्यंत दाबा, एकूण सुमारे दोन सेकंद, आणि उचला. कातडीवरून घसरवू नका. घसरला तर रुग्णाला गुदगुल्यांनी कळतं आणि चाचणी फुकट जाते. फट्‌कन टोचू नका. एका जागी तीनदा विचारायचं, त्यातल्या एका वेळी तंतू टेकवायचाच नाही. तो खोटा स्पर्श दर वेळी वेगळ्या क्रमांकावर घ्या, नाहीतर रुग्ण चाल ओळखतो.

वाक्य ठरलेलं: "लागलं का? कुठल्या पायाला?" तिन्ही वेळा हेच. 'आता लागलं ना?' असं विचारलंत तर आपला माणूस तुमचं मन मोडणार नाही, तो हो म्हणेल. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी संरक्षक संवेदना, म्हणजे इजा झाली तर कळण्याइतकी संवेदना, आहे. दोन चुकली तर नाही. तीनपैकी एखाद्या जागी जरी नसेल तरी त्या पायाची नोंद 'संवेदना: नाही'. 'थोडी कमी', 'बरी आहे' हे शब्द आपल्या फॉर्मवर नाहीत.

तंतूचीही काळजी घ्यावी लागते. लागोपाठ दहाएक रुग्ण झाले की तो थकतो, कमी दाबाला वाकायला लागतो. मग त्याला दिवसभर विश्रांती द्या. म्हणून गर्दीच्या ओपीडीला दोन तरी हवेत. सरळ ठेवा, खिशात कोंबू नका, वाकडा झालेला टाकून द्या.

कुष्ठरोग कार्यक्रमात काम केलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पाय दुखत नाही म्हणूनच तो झिजतो, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करताना ओळखलं आणि पुढे अमेरिकेत गेल्यावर तोच विचार मधुमेहींच्या पायाला लावला. कुष्ठरोगात आपण बॉलपेन टेकवून संवेदना बघतो. मधुमेहात मात्र पेन नको, त्याचा दाब प्रत्येकाच्या हातागणिक बदलतो.

पायरी 5: फोर्क, आणि काहीच नसेल तर बोट

फोर्क तळहातावर आपटून अंगठ्याच्या शेवटच्या पेरावर, वरच्या बाजूने, हाडावर उभा ठेवा. विचारा, "थरथर जाणवते, की नुसतं टेकल्यासारखं वाटतं?" दोनदा थरथरता, एकदा थांबवलेला. तीनपैकी दोन बरोबर म्हणजे ठीक. मोनोफिलामेंट ठीक आणि फोर्क चुकला, तरी संवेदना गेली असंच धरा.

दोन्ही नसतील, म्हणजे गृहभेटीला किंवा शिबिरात, तर इप्सविच स्पर्श चाचणी करा. ती इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयातून आली. तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांची अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांची टोकं एक-दोन सेकंद अलगद स्पर्शायची. दाबायचं नाही, थोपटायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना गेली. आशाताईंना ही एका बैठकीत शिकवता येते.

पायरी 6: नाडी

पायाला दोन जागी. रुग्णाला अंगठा वर उचलायला सांगा, पावलावर स्नायूची जी दोरी उठते तिच्या बाहेरच्या अंगाला पहिली. आतल्या घोट्याच्या मागे, किंचित खाली, दुसरी. तीन बोटं हलकी ठेवा. जोर दिला की नाडी दबते आणि अंगठ्याने बघितली तर स्वतःचीच लागते. शंका आली तर दुसऱ्या हाताने रुग्णाच्या मनगटाची नाडी धरा आणि दोन्हींचा ठेका जुळतो का बघा.

नोंद 'लागते' किंवा 'लागत नाही', एवढीच. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच सापडत नाही, म्हणून दोन्ही जागा बघायच्याच. लागत नसेल तर डॉपलर (रक्ताचा प्रवाह तपासायचं यंत्र) असलेल्या ठिकाणी पाठवा. तिथे घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात. ते 0.9 च्या खाली आलं तर रक्तपुरवठा कमी. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगलाही येतो, त्यामुळे आकडा बरा पण पाय थंड आणि निळसर असेल तर पायावर विश्वास ठेवा. आणि 'चालताना दुखत नाही' म्हणजे रक्तपुरवठा चांगला, असंही नाही. संवेदना गेलेल्याला ते दुखणं कळणार कसं?

पायरी 7: श्रेणी आणि तारीख

आता वरच्या उत्तरांवरून श्रेणी काढा. दोन पायांची वेगळी आली तर जास्त असलेली धरा.

- श्रेणी 0: संवेदना आहे, नाडी लागते. पुढची तपासणी वर्षाने.
- श्रेणी 1: संवेदना नाही, किंवा रक्तपुरवठा कमी. 6 ते 12 महिन्यांनी.
- श्रेणी 2: संवेदनाही नाही आणि रक्तपुरवठाही कमी, किंवा दोन्हींपैकी एक आणि सोबत विकृती. 3 ते 6 महिन्यांनी.
- श्रेणी 3: संवेदना नाही किंवा रक्तपुरवठा कमी, आणि सोबत पूर्वी झालेली जखम, कापलेलं बोट किंवा पाय, किंवा शेवटच्या टप्प्यातला मूत्रपिंडाचा आजार. 1 ते 3 महिन्यांनी.

'6 ते 12 महिने' असं रुग्णाला सांगू नका. केंद्राने एक आकडा ठरवून टाकावा आणि कार्डावर वार-तारीख घालावी, बाजाराचा दिवस बघून. त्या दिवशी यायला त्यांना सोपं जातं. श्रेणी 2 आणि 3 ची यादी आशाताईंकडे वेगळी द्या. तारीख उलटून आठवडा झाला की फोन, तेवढ्याने आले नाहीत तर घरी.

त्याच दिवशी पाठवायचे

उघडी जखम असेल तर श्रेणी काढत बसू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा 2015 पासूनचा नियम सरळ आहे: पायात चालू बिघाड दिसला की एका कामाच्या दिवसात तज्ज्ञांकडे, आणि पाय जाण्याचा धोका असेल तर तत्काळ. जखमेसोबत ताप, पसरणारी सूज किंवा लाली, दुर्गंधी, काळं पडलेलं बोट, दाबल्यावर कातडीखाली चुरचुरणं, अचानक थंड पडलेला पाय, रात्री बसून राहावं लागेल असं दुखणं, वर सांगितलेला गरम सुजलेला पाय, यांतलं काहीही दिसलं तर ॲम्ब्युलन्स बोलवा. चिठ्ठीवर नुसतं 'डायबेटिक फूट' लिहू नका. जखम कुठे, केवढी, नाडी लागते का, ताप किती, शेवटची साखर किती, हे लिहा. हळद, चुना, बिडीची राख काही लावलेलं असेल तर सलाइनने धुऊन काढा, पण त्यावरून घरच्यांना ओरडू नका. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी जखम लपवतो.

जाता जाता द्यायचा सल्ला

दहा गोष्टी सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. ज्याच्या पायात जे सापडलं तेवढंच सांगा. सगळ्यांना लागू अशा तीन: पाय रोज बघायचा, तळवा दिसत नसेल तर आरशात किंवा घरच्यांकडून, घरातही अनवाणी फिरायचं नाही, घालण्याआधी चप्पल झटकून आत हात फिरवायचा. संवेदना गेलेल्याला गरम पाण्याची पिशवी आणि पाय शेकणं पूर्ण बंद. तेल किंवा मलम भेगांना लावायचं, बेचक्यांत नाही.

दुपारच्या तापलेल्या फरशीवरून देवळाची प्रदक्षिणा आणि अनवाणी वारी, हे विषय टाळू नका. 'जाऊ नका' म्हणालात तर तुमचं ऐकणार नाहीत. प्रदक्षिणा सकाळी लवकर घाला, वारीत पादत्राण घाला आणि मुक्कामाला रोज तळवे बघा, असं सांगितलं तर बरेच जण ऐकतात. माळकऱ्याला माळकऱ्याने सांगितलं तर जास्तच.

आपण सगळे सारखंच करतोय का, हे कसं ओळखायचं

महिन्यातून एकदा दोघांनी मिळून काही रुग्ण घ्या. एकाने तपासून कागद उलटा ठेवायचा, दुसऱ्याने पहिल्याचं न बघता पुन्हा तपासायचं, मग ताडून पाहायचं. जिथे फरक येतो ती पायरी दोघांनी त्याच पायावर एकमेकांसमोर पुन्हा करायची. माझ्या अनुभवात फरक बहुतेक दोनच ठिकाणी निघतो: मोनोफिलामेंट पुरता वाकवला नव्हता, किंवा पावलावरच्या नाडीला बोटं फार जोरात दाबली होती. घट्टा एकाला दिसला आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर आधी दिवा तपासा. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याची अशी जोडी लावा. एकट्याने भरलेले त्याचे फॉर्म जुन्या माणसाच्या फॉर्मशी जुळायला लागेपर्यंत श्रेणी 2 आणि 3 चे रुग्ण त्याच्या एकट्यावर सोडू नका.